सोयाबीन बियाणे मागणी अर्ज : प्रकल्प नोंदी

५ मे २०२५

खरिपासाठी सोयाबीन बियाण्याची मागणी नोंदवायचा ऑनलाइन अर्ज नव्याने करायला घेतला. काम लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं. सभासद औसा आणि निलंगा तालुक्यांतले. बहुतेकजण मोबाइलवरून अर्ज भरतात, ज्यांना जमत नाही त्यांचा ऑफिसातल्या ताई भरून देतात. मागच्या हंगामाचा फॉर्म अजून चालू आहे, पण ताई म्हणतात की हंगामात त्यांचा निम्मा दिवस "फॉर्म घेईना" हे फोन घेण्यातच जातो.

असा प्रत्येक फोन त्यांनी वहीत टिपून ठेवलाय. आज ती वही बसून वाचली, आणि कंपनीने दिलेल्या कागदी मागण्यांपेक्षा तीच मला जास्त कामाची वाटली. चुकीची माहिती भरल्याची उदाहरणं तिच्यात अगदी थोडी आहेत. बाकी सगळीकडे माणसाने बरोबर लिहिलेलं आणि फॉर्मने परत लावलेलं. नाव मराठीत लिहिलं, चालत नाही. मोबाइल नंबराच्या मध्ये जागा सोडली, चालत नाही. क्षेत्र सातबाऱ्यावर आहे तसंच्या तसं उतरवलं, तेही चालत नाही.

म्हणून कामाचा क्रम आजच ठरवून टाकला. माणसाने लिहिलेलं आधी समजून घ्यायचं, मग एका साच्यात आणायचं, आणि त्यानंतरच तपासायचं. जुनी स्क्रिप्ट थेट तिसऱ्या पायरीवरून सुरू होते.

६ मे

आबांबरोबर (कंपनीचे अध्यक्ष) रकान्यांवर बसलो. ई-मेल सक्तीचा होता, तो काढला. ज्यांच्याकडे ई-मेल नाही त्यांनी भाच्याचा, दुकानदाराचा किंवा मनाला येईल तो पत्ता टाकलेला दिसतो. सक्तीच्या रकान्यातून खोटी माहितीच जमा होत असेल तर तो रकाना ठेवण्यात काही अर्थ नाही.

आधारवर बराच वेळ गेला. जुना फॉर्म फक्त बारा अंक आहेत का एवढंच बघायचा. तपासणी त्याहून चांगली करता येते. आधारचा शेवटचा अंक हा पडताळणीचा अंक असतो, आणि तो व्हेरहॉफ पद्धतीने काढतात. याकोबस व्हेरहॉफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेली ही पद्धत एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर हमखास पकडते. दोन लहान तक्ते आणि एक लूप, ब्राउझरातच काम होतं. हे सांगून झाल्यावर आबांना विचारलं, बियाणं देताना आधार लागतो कुठे? वाटप सभासद क्रमांकावर होतं. "मागच्या वेळी होता म्हणून ठेवला," असं त्यांचं उत्तर आलं. काढून टाकला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा सूरही तोच आहे, ज्या कामासाठी माहिती मागता त्या कामापुरतीच मागा.

उरलं ते असं: सभासद क्रमांक, नाव, मोबाइल, गाव, गट नंबर, क्षेत्र, पिशव्यांची संख्या, पेरणीची अंदाजे तारीख, आणि आगाऊ रक्कम परत करायची वेळ आली तर लागणारा बँकेचा तपशील.

८ मे

स्क्रिप्टशिवायचा पूर्ण फॉर्म आज उभा केला. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये आली तेव्हा तिच्या पहिल्या उपयोगांपैकी एक हाच होता, फॉर्म भरताना झालेली चूक सर्व्हरपर्यंत फेरी न मारता जागच्या जागी दाखवणं. मोडेमच्या काळात ती फेरी महागात पडायची. निलंग्याकडच्या काही वाड्यांवर आजही ती महागच आहे, त्यामुळे हे जुनं कारण इथे जसंच्या तसं लागू आहे. फरक एवढाच की एचटीएमएल ५ आल्यापासून (वेबपानांच्या भाषेची पाचवी आवृत्ती, मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचं अंतिम शिफारसपत्र २०१४ चं) ब्राउझर स्वतःच बरंच काही करतो. रिक्वायर्ड (सक्तीचं), पॅटर्न (मजकुराचा साचा), मिन, मॅक्स (किमान, कमाल) एवढे गुणधर्म लिहिले की प्राथमिक तपासणी फुकटात मिळते.

जुन्या फॉर्ममध्ये हे सगळे गुणधर्म लिहिलेले आहेत, पण पाठवताना ब्राउझर ते स्वतःहून तपासतच नाही. कारण आज सापडलं. पाठवण्याच्या बटणावर स्क्रिप्ट बसवलीय आणि ती शेवटी थेट फॉर्मचं 'सबमिट' फंक्शन बोलावते. त्या वाटेने गेलं की ब्राउझर आपली तपासणीही करत नाही आणि सबमिटची घटनाही (अर्ज निघतोय ही स्क्रिप्टला मिळणारी सूचना) उडवत नाही. 'रिक्वेस्टसबमिट' बोलावलं की दोन्ही होतात. नव्या फॉर्ममध्ये स्क्रिप्ट फक्त सबमिट घटनेवर बसेल. बटणाच्या क्लिकवर काहीही बांधायचं नाही.

नोव्हॅलिडेट हा ब्राउझरची तपासणी बंद करणारा गुणधर्म एचटीएमएलमध्ये न लिहिता स्क्रिप्ट सुरू झाल्यावर स्क्रिप्टनेच लावायचा. नेटवर्क तुटून स्क्रिप्ट आलीच नाही तर ब्राउझरची स्वतःची तपासणी जागेवर राहते आणि अर्ज स्क्रिप्टविना थेट सर्व्हरकडे जातो. स्क्रिप्ट आली तर आमचे मराठी संदेश दिसतात. हे महत्त्वाचं अशासाठी की ब्राउझरचे आयते संदेश पानाच्या भाषेत येत नाहीत, ब्राउझर ज्या भाषेत लावलाय त्या भाषेत येतात. मराठी अर्जावर मध्येच इंग्रजी फुगा उघडला की लोक घाबरून मागे जातात, असं ताईंचं निरीक्षण आहे.

१० मे

आजचा दिवस नावाच्या रकान्याचा. जुना पॅटर्न इंग्रजी अक्षरं आणि मोकळी जागा एवढंच स्वीकारतो, म्हणजे मराठी नाव सरसकट बाद. "मग युनिकोडमधलं कुठलंही अक्षर चालेल असा पॅटर्न लावू," असं सोबतच्या सहकाऱ्याने सुचवलं आणि आम्ही ते करून पाहिलं. 'राम' बाद, 'कमल' पास. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या खुणांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पायमोडकं हलंत ही 'अक्षरं' नाहीत, 'चिन्हं' आहेत, आणि त्यांचा वर्ग वेगळा आहे. अक्षरांच्या वर्गाला चिन्हांचा वर्ग जोडला तेव्हा 'कुलकर्णी' आत आली.

मग 'गोऱ्हे'. ऱ्ह मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलंत. दुसरा, साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, कोडपॉइंट (युनिकोडमधला क्रमांक) ८२०५. कुठल्या कीबोर्डवरून काय निघेल याचा नेम नाही. हा जोडक अक्षरही नाही आणि चिन्हही नाही, त्यामुळे पडद्यावर हुबेहूब सारखी दिसणारी दोन नावं, एक पास आणि एक नापास. कऱ्हाड, वऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, अशा सगळ्यांना हा फटका. सर्व्हरवरच्या पायथन भाषेकडेही हीच अडचण आहे. तिथलं 'इझअल्फा' (सगळी अक्षरंच आहेत का हे सांगणारं फंक्शन) मात्रा असलेल्या मराठी शब्दाला सरळ नाही म्हणतं.

लांबीची गंमत त्याहून मोठी. जुन्या फॉर्ममध्ये पूर्ण नावाला मॅक्सलेंथ (कमाल लांबी) ३०. 'ज्ञानेश्वर' या नावात डोळ्याला चार अक्षरं दिसतात (ज्ञा, ने, श्व, र), पण ब्राउझर मोजतो दहा: ज, हलंत, ञ, काना, न, मात्रा, श, हलंत, व, र. एकट्या नावात तीसपैकी दहा गेले. वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिता लिहिता मर्यादा संपते, आणि मॅक्सलेंथ तक्रार करत नाही, पुढची अक्षरं नुसती घेत नाही. जुन्या यादीत अर्धवट तुटलेली आडनावं का आहेत ते आता कळलं. ताईंना वाटायचं, लोक घाईत भरतात.

निर्णय: नावाला पॅटर्नच नको. आजूबाजूची मोकळी जागा काढायची, युनिकोडच्या एनएफसी रूपात आणायचं, रिकामं नाही एवढं बघायचं आणि मर्यादा ऐसपैस ठेवायची. एनएफसीमुळे 'र अधिक नुक्ता' आणि एकसंध 'ऱ' हे एक होतात, पण जोडकवाला प्रकार त्याने बदलत नाही. म्हणून शोधासाठी वेगळा स्तंभ ठेवला, त्यात जोडक काढून आणि ऱ चा र करून नाव साठवायचं. सभासदाने लिहिलेलं मूळ नाव पावतीवर जसंच्या तसं छापायचं. माणसाचं नाव बरोबर की चूक हे ठरवायचा अधिकार फॉर्मला नाही, याबाबत मी ठाम आहे.

१२ मे

मोबाइल नंबर. इथे मात्र नियम पक्का आहे: दहा अंक, पहिला ६, ७, ८ किंवा ९. तो लावायच्या आधी मात्र पुष्कळ आवरावं लागतं.

वहीतली नमुन्याची तक्रार: "नंबर बरोबर आहे, तरी दोन अंक कमी आहेत म्हणतंय." नंबर कॉन्टॅक्टमधून कॉपी करून चिकटवलेला, पुढे अधिक ९१ आणि मध्ये मोकळी जागा. रकान्याला मॅक्सलेंथ १०. ब्राउझरने चिकटवतानाच दहा खुणांवर कात्री लावली, आणि स्क्रिप्टच्या हाती आला तो आधीच तुटलेला नंबर. मॅक्सलेंथ काढला. आता हवं ते चिकटवा. अंक सोडून बाकी सगळं गाळायचं (कॉपी केलेल्या नंबराला न दिसणारी दिशादर्शक चिन्हं चिकटून येतात, तीही यात जातात). उरलेले बारा अंक असून सुरुवात ९१ ने असेल तर ते काढायचे, अकरा असून सुरुवातीला शून्य असेल तर तो काढायचा. मग नियम.

'अंक' म्हणजे देवनागरी अंकही. कोडपॉइंट २४०६ ते २४१५ या पट्ट्यात ० ते ९ ओळीने बसलेत, २३५८ वजा केले की इंग्रजी अंक मिळतो. एका ओळीचं काम. जावास्क्रिप्टमध्ये हे हाताने करावंच लागतं, कारण तिथल्या पॅटर्नमधला अंकाचा संक्षेप ('कुठलाही अंक' ही खूण) फक्त इंग्रजी अंक ओळखतो आणि 'नंबर' फंक्शनला '१२' दिलं तर उत्तर 'नॅन' (आकडा नाही) येतं.

इनपुटचा प्रकार 'नंबर' ठेवायचा नाही, हेही आज पक्कं केलं. त्यात ब्राउझरला आकडा म्हणून न पटणारं काही लिहिलं गेलं तर स्क्रिप्टला रिकामी ओळ मिळते. माणसाने काय लिहिलं होतं ते बघायची सोयच उरत नाही, मग समजून घेणार काय? ब्रिटन सरकारच्या डिझाइन सिस्टिमनेही २०२० मध्ये हा प्रकार सोडून साधा टेक्स्ट आणि इनपुटमोड न्यूमेरिक अशी जोडी स्वीकारली. मोबाइलवर आकड्यांचा कीपॅड उघडतो, आणि जे लिहिलं ते हातात राहतं.

हे आवरण्याचं काम रकान्यातून बाहेर पडताना करायचं, प्रत्येक अक्षरागणिक करायचं नाही. अँड्रॉइडचे कीबोर्ड शब्द जुळवत असताना स्क्रिप्टने मध्येच रकान्यातला मजकूर बदलला तर अक्षरं दुप्पट होतात किंवा कर्सर भलतीकडे उडतो.

१३ मे

सर्व्हर जँगो या चौकटीवर आहे, म्हणजे पायथन. तिथल्या तपासणीत मोबाइलसाठी ब्राउझरातलाच पॅटर्न उतरवलेला दिसला. अक्षरशः तोच, आणि तरी अर्थ वेगळा. पायथन ३ मध्ये मजकुरावर चालणारा अंकाचा संक्षेप युनिकोडमधले सगळे दशमान अंक स्वीकारतो, देवनागरीही. ब्राउझर जे नाकारतो ते सर्व्हर आनंदाने घेतो. ताईंनी एक्सेलमधून चढवलेल्या यादीचा प्रवास ब्राउझरच्या तपासणीतून झालाच नव्हता, त्यामुळे डेटाबेसमध्ये एकाच स्तंभात दोन्ही लिप्यांतले नंबर आहेत, आणि एकाच सभासदाच्या दोन-दोन नोंदी. एसएमएस न पोचण्याच्या तक्रारी यातल्याच.

साचा पाडण्याचं काम आता दोन्हीकडे होतं, आणि ब्राउझर व सर्व्हर या दोघांसाठी उदाहरणांची एकच फाइल केली: डाव्या बाजूला माणूस लिहील ते, उजव्या बाजूला साठवायचं रूप किंवा 'नाकारा'. दोन्हीकडच्या चाचण्या हीच फाइल वाचतात. नियम दोन भाषांत लिहिलेले राहणारच, निदान उदाहरणं तरी एक असावीत.

१५ मे

क्षेत्र. माझ्या मते अख्ख्या अर्जातला सगळ्यात अवघड रकाना हाच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं तीन तुकड्यांत असतं, उदाहरणार्थ ०.९१.०५. शेतकरी बोलतो एकर आणि गुंठ्यांत. जुन्या फॉर्ममध्ये 'क्षेत्र (हेक्टर)' असा एकच दशांशाचा रकाना. त्यात ०.९१.०५ टाकलं की दोन दशांशचिन्हं म्हणून बाद. मग लोक पुढचं पाच काढून टाकतात, किंवा एकराचाच आकडा हेक्टरच्या रकान्यात लिहितात. दुसरा प्रकार वाईट, कारण तो कुठल्याच तपासणीत अडकत नाही, आणि अडीच पट बियाण्याची मागणी नोंदली जाते.

आता वर दोन पर्याय: 'सातबाऱ्याप्रमाणे' आणि 'एकर-गुंठे'. पहिल्यात तीन छोटे रकाने, आर आणि चौरस मीटर ० ते ९९. दुसऱ्यात दोन, गुंठे ० ते ३९, अर्धा गुंठा चालेल. कुठलाही भरला की खाली लगेच दुसऱ्या मापात वाचून दाखवायचं: "२ एकर १० गुंठे म्हणजे सुमारे ० हेक्टर ९१ आर ५ चौ. मी." ही ओळ मला सगळ्या नियमांपेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण स्वतःच्या रानाचा आकडा चुकीचा दिसला तर माणूस लगेच थांबतो. आत साठवताना सगळं चौरस मीटरमध्ये, पूर्णांकात. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, हेक्टर १०,००० चा. दशांशात बेरजा करत बसलो तर जावास्क्रिप्टच्या अपूर्णांकांचा बारीक फरक 'पेरणीचं क्षेत्र एकूण क्षेत्रापेक्षा जास्त नको' या तुलनेत नको तिथे डोकं वर काढतो.

पिशव्यांच्या संख्येला अडवणारा नियम लावायचा नाही. सोयाबीनला एकरी साधारण ३० किलो बियाणं लागतं, त्यावरून अंदाज बांधून संख्या फारच जास्त वाटली तर पिवळ्या पट्टीत विचारायचं: "सव्वादोन एकराला एवढ्या पिशव्या हव्यात, बरोबर?" पुढे जाता येईल. कुणी भावाच्या वाट्याचंही घेत असेल, कुणाला दुबार पेरणीची धास्ती असेल.

१६ मे

गट नंबर. जुना पॅटर्न चौकटी कंसात अंक, अक्षरं आणि तिरपी रेघ असा. नव्या ब्राउझरांत हा पॅटर्न लागूच होत नाही. पॅटर्न गुणधर्म आता 'व्ही' या कडक वाचनाच्या खुणेनिशी वाचला जातो, आणि त्यात चौकटी कंसातल्या तिरप्या रेघेच्या आधी उलटी तिरपी रेघ लागते. ती नसेल तर पॅटर्न अवैध, आणि अवैध पॅटर्न ब्राउझर सरळ सोडून देतो. कन्सोलमध्ये (प्रोग्रामरच्या खिडकीत) एक ओळ येते, फॉर्मवर काहीच दिसत नाही. जुन्या मोबाइलवर नियम चालतोय, नव्यावर नाही.

दुरुस्त करण्याऐवजी नियम काढलाच. १२३/२/अ, ४५/१अ, '७८ पैकी' हे सगळे प्रकार खरे आहेत.

१९ मे

बँक. आयएफएस कोडचा साचा ठरलेला: अकरा खुणा, पहिली चार अक्षरं, पाचवं शून्य, शेवटच्या सहा खुणा अक्षरं किंवा अंक. वहीत यावरच्या तक्रारी भरपूर, आणि जवळजवळ सगळ्या पाचव्या जागेच्या. पासबुकावरचं शून्य लोकांना इंग्रजी 'ओ' वाटतं. पाचवी जागा शून्यासाठीच राखीव असल्यामुळे तिथे 'ओ' आला तर दुसरा अर्थ निघूच शकत नाही. मग माणसाला परत का पाठवायचं? गुपचूप शून्य करायचं. पुढच्या सहा जागांत मात्र हात लावायचा नाही, तिथे दोन्ही शक्य आहेत. लहान लिपीतली अक्षरं मोठी करायची, मधल्या जागा काढायच्या.

साचा बरोबर असूनही कोड मेलेला असू शकतो. एप्रिल २०२० मध्ये सरकारी बँकांचं विलीनीकरण झालं, सिंडिकेट बँक कॅनरात गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन या बँका युनियन बँकेत, आणि त्यांचे जुने कोड २०२१ मध्ये बंद झाले. जुनी पासबुकं घरोघरी आहेत. हे ब्राउझरातल्या स्क्रिप्टने ओळखायचं काम नाही. सर्व्हरवर कोडची यादी ठेवली, कोड सापडला की बँक आणि शाखेचं नाव दाखवायचं, नाही सापडला तर "नवीन पासबुकावरचा कोड बघा" म्हणायचं, पण अर्ज अडवायचा नाही. पैसे परत करायची वेळ येईपर्यंत तो दुरुस्त करता येतो, बियाण्याची नोंदणी मात्र तारखेला बंद होते.

खातं क्रमांक दोनदा लिहायला लावायचा हट्ट आबांचा आहे आणि तो योग्य आहे. फक्त दुसऱ्या रकान्यात चिकटवायला मनाई करायची नाही.

२१ मे

संदेश कधी दाखवायचा यावर आज काम. रकाना सोडल्यावर, त्याआधी नाही. पहिला अंक टाइप करताच "मोबाइल नंबर दहा अंकी हवा" म्हणणं म्हणजे समोरच्याचं बोलणं तोंडातच तोडणं. एकदा चूक दाखवली की मात्र त्या रकान्यात प्रत्येक बदलागणिक तपासायचं, म्हणजे दुरुस्त होताक्षणी लाल रेघ जाते.

जुन्या फॉर्मची सगळ्यात छळणारी तक्रार इथेच सुटली: "बरोबर केलं तरी घेईना." सेटकस्टमव्हॅलिडिटीने एकदा संदेश लावला की तो रिकामी ओळ देऊन पुसेपर्यंत रकाना अवैधच राहतो, आत काहीही लिहा. जुन्या स्क्रिप्टमध्ये लावण्याची ओळ आहे, पुसण्याची नाही. एकदा चुकलेला नंबर पान पुन्हा उघडेपर्यंत चुकलेलाच, आणि पान पुन्हा उघडलं की भरलेला सगळा अर्ज कोरा.

संदेशांचा मजकूर ताईंनी लिहिला. "अवैध मूल्य" च्या जागी आलं: "मोबाइल नंबरात नऊच अंक दिसतात. एक राहिला का बघा." स्क्रिप्टला अंक मोजता येतात, तर तेच सांगावं. सगळे संदेश आदरार्थी, आज्ञार्थी एकही नाही, ही ताईंची अट.

२३ मे

पेरणीची तारीख. जुन्या नोंदींत ज्याने ७ जून निवडली त्याची ६ जून साठली आहे. एक-दोन नाही, सगळ्याच. स्क्रिप्ट निवडलेल्या दिवस-महिना-वर्षावरून डेट वस्तू बनवते, म्हणजे भारतीय वेळेची मध्यरात्र, आणि मग 'टूआयएसओस्ट्रिंग' ने मजकूर काढते. तो यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत निघतो. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे ७ जूनच्या मध्यरात्रीचे होतात ६ जूनचे संध्याकाळचे साडेसहा. वेळ कापली की एक दिवस मागची तारीख हातात.

तारखेच्या इनपुटची किंमत आधीच वर्ष-महिना-दिवस अशा साध्या मजकुरात मिळते, दाखवताना ब्राउझर काहीही दाखवो. ती तशीच पाठवायची. डेट वस्तू मध्ये आणायचीच नाही.

२६ मे

पाठवणं. आज औशाच्या पुढे एका वाडीवर जाऊन खऱ्या नेटवर्कवर बघितलं. बटण दाबलं, चक्र फिरतंय, काही होईना, पुन्हा दाबलं. कुणीही तेच करेल. जुन्या फॉर्ममध्ये अशा दाबण्यागणिक एक अर्ज नोंदतो. बटण निष्क्रिय करून अर्धंच भागतं, कारण उत्तर येताना नेटवर्क तुटलं तर सर्व्हरकडे अर्ज पोचलाय आणि माणसाला वाटतं गेला नाही. मग तो पान पुन्हा उघडून पुन्हा भरतो.

उपाय: अर्ज उघडताच स्क्रिप्ट ब्राउझरच्या रँडमयूयूआयडी फंक्शनने पुन्हा न येणारी एक किल्ली बनवते आणि मसुद्याबरोबर मोबाइलमध्येच ठेवते. प्रत्येक प्रयत्नाबरोबर तीच किल्ली जाते. सर्व्हरवर त्या स्तंभाला एकमेव असण्याचं बंधन. किल्ली आधी आलेली असेल तर नवा अर्ज न करता जुन्याचीच पावती परत. वीस सेकंदांत उत्तर नाही आलं तर विनंती (फेच) तोडायची आणि म्हणायचं: "अर्ज पोचला की नाही ते कळलं नाही. पुन्हा पाठवा, दोनदा नोंद होणार नाही." शेवटचे चार शब्द सर्व्हरच्या बंधनामुळे खरे आहेत, म्हणूनच लिहायची हिंमत होते.

मसुदा लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या मोबाइलमधल्या साठ्यात), बँकेचे रकाने वगळून. घरात एकच मोबाइल चार जणांच्या हातात फिरतो. 'मसुदा ठेवा' या बटणाला फॉर्मनोव्हॅलिडेट (त्या बटणापुरती तपासणी बंद) लावला, आणि कुठलं बटण दाबलं ते सबमिट घटनेच्या सबमिटरवरून कळतं.

२८ मे

टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) लावून, डोळे मिटून पूर्ण अर्ज भरला. चूक नुसती लाल रंगाने दाखवली तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. प्रत्येक रकान्याला अ‍ॅरिया-इनव्हॅलिड, ही 'इथे चूक आहे' असं सांगणारी खूण, आणि संदेशाशी जोडणारं अ‍ॅरिया-डिस्क्राइब्डबाय. पाठवताना चुका निघाल्या तर वर त्यांची यादी, फोकस त्या यादीवर, आणि प्रत्येक ओळ त्या त्या रकान्याकडे नेणारी. डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांचे ३.३.१ आणि ३.३.३ हे निकष एवढंच मागतात: कुठे चुकलं ते शब्दांत सांगा, आणि सुचवता येत असेल तर दुरुस्ती सुचवा. ही यादी डोळस माणसालाही तितकीच उपयोगी पडते, कारण मोबाइलवर कीपॅड उघडा असताना खालचा लाल संदेश झाकला जातो.

३० मे

ब्राउझरला पूर्ण वगळून सर्व्हरवर कर्लने (थेट विनंती पाठवणाऱ्या साधनाने) वाकड्या विनंत्या पाठवल्या. ऋण क्षेत्र, गुंठे ७५, दुसऱ्याचा सभासद क्रमांक, मोबाइलच्या शेवटी नवी ओळ. शेवटची विनंती आत गेली. पायथनच्या पॅटर्नमधलं, 'इथे मजकूर संपला' असं सांगणारं डॉलर चिन्ह शेवटच्या नव्या ओळीच्या आधीही जुळतं. सगळीकडे फुलमॅच (पूर्ण मजकूर जुळायलाच हवा) केलं, आणि ते उदाहरण सामायिक फाइलमध्ये टाकलं. सर्व्हरने नाकारलेलं ४२२ या ('माहिती मान्य नाही' अशा) उत्तराने, रकान्याच्या नावासकट परत येतं आणि त्याच लाल ओळींत दिसतं, वेगळी पाटी नाही.

२ जून

सकाळी अर्ज सुरू केला. ताईंच्या वहीचं नवीन पान काढलंय. दुपारपर्यंतची पहिली तक्रार: एका सभासदाने गावाच्या रकान्यात गाव आणि तालुका दोन्ही लिहिलं, आणि सूचीतून गाव निवडायला फॉर्मने पुन्हा सांगितलं. बरोबर लिहिलेलं परत लावल्याचंच हे उदाहरण. आज संध्याकाळी स्वल्पविरामापुढचा भाग वेगळा काढून तालुक्याशी जुळवतो. तालुका जुळला तर गाव सूचीत आपोआप निवडलं जाईल, नाही जुळला तर लिहिलेलं तसंच ठेवून ताईंच्या यादीत जाईल. त्याचं उदाहरण सामायिक फाइलमध्ये टाकलंय, चाचणी सध्या नापास आहे.